रंगाचा दुसरा हात

मला कुठलीही जुनी खोली दाखवा आणि एक धारदार पातं हातात द्या. ती खोली आज काय आहे हे कुणीही सांगेल. काल काय होती, परवा काय होती, आणि तुमचे आजोबा रांगत होते तेव्हा काय होती, हे मी संध्याकाळपर्यंत सांगते. यात बढाई नाही, माझं पोटच त्यावर चालतं. जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्यांना हातोडा मारायच्या आधी माहीत हवं असतं, की खिडकी आधी कुठे होती, कुठली भिंत मागाहून घातली. कागद गहाळ होतात, म्हातारी माणसं थापा मारतात. रंग थापा मारत नाही. भिंतीचा एक पट्टा घ्यायचा आणि थरामागून थर खरवडत, एकेक पायरी सोडत तळाच्या चुन्यापर्यंत उतरायचं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी भेटतं. या उद्योगापायी धंद्यातले लोक मला पोपडेबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, हे त्यातल्या त्यात बरं.

म्हणून धाकटी बहीण जेव्हा म्हणाली, "ताई, एक जागा बघितलीय. तू एकदा हो म्हण, की मी करारावर सही करते," तेव्हा मला त्यात अवघड असं काहीच वाटलं नाही.

धाकटी चष्मे करते. कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून तिने भिंगं घासली, आणि नाव झालं पुढे बसणाऱ्याचं. मधल्या काळात संसार मोडला. एक पिशवी आणि भिंगांची एक पेटी घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हापासून माझ्या दोन खोल्यांतली आतली तिची. मी बाहेरच्या खोलीत दाराजवळ झोपते, कारण मला पहाटे निघावं लागतं. पोरगी गुणाची, पण स्वभाव असा की कुणाला ताटकळत ठेवणं जमायचंच नाही. दारात मांजर आलं तरी हातातलं काम टाकून आधी त्याचं बघायची. स्वतःचं दुकान काढायचं हे तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी ठरवलं होतं. ते फसलं असतं तर ती पुन्हा कुणाच्या तरी मागच्या खोलीत मान खाली घालून बसली असती, आणि यावेळी ती मान परत वर आली नसती. हे मला लख्ख दिसत होतं.

जागा म्हणजे दोन रस्ते मिळतात तिथली कोपऱ्याची दुमजली इमारत. कोपरा छाटून तिथेच दार काढलेलं. अशा दाराला दोन्ही रस्त्यांची गिऱ्हाइकं मिळतात, त्यामुळे अशी जागा सहसा रिकामी पडत नाही. ही पडली होती. मालकाला विचारलं तर म्हणाला, "लोक टिकत नाहीत." का, ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती.

दुपारी आम्ही दोघी आत शिरलो. बंद खोलीचा वास असतो तसा होता, पण त्याखाली आणखी एक वास होता, जंतुनाशकाचा, उग्र आणि गोडसर. मी माझं काम सुरू केलं. धाकटी मापं घेत हिंडत होती: इथे आरसा, इथे तपासणीची खुर्ची, इथे अक्षरांचा तक्ता. इतक्या दिवसांनी तिच्या आवाजात जीव होता, आणि मला मनातून फार बरं वाटत होतं.

भिंत भराभर बोलू लागली. सगळ्यात वर करडा रंग, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा. त्याचे बारीक स्क्रू अजून फरशीच्या फटींत होते. त्याखाली पिवळा, पडद्याच्या कापडाच्या दुकानाचा. लांबलचक काउंटरचे पाय फरशीवर उमटले होते. त्याखाली पांढरा, सलूनचा. आरशांच्या खिळ्यांची भोकं ओळीने बुजवलेली, आणि भिंतीच्या पायाशी अडकलेले केस इतक्या वर्षांनंतरही काळेभोर. आणि सगळ्यात तळाशी पिस्त्यासारखा फिकट हिरवा. असा हिरवा माणूस घराला लावत नाही, दुकानालाही नाही. तो दवाखान्याचा.

"आलेच हं, दोन मिनिटं," धाकटी म्हणाली.

मी वर बघितलं. ती माझ्याकडे पाठ करून टेप धरून उभी होती. रस्त्यावरून कुणी डोकावलं असेल, म्हणून मी पुन्हा भिंतीकडे वळले.

दाराच्या उजव्या अंगाला भिंतीशी एक उंच लाकडी कपाट होतं. जागा विचित्र निवडली होती. दार उघडलं की त्यावर आपटायचं, आणि आतलं काही काढायचं तर दार लावून घ्यावं लागायचं. शहाणा माणूस तिथे कपाट ठेवत नाही. वरचा मजला बघायला धाकटी जिन्याने गेली, तेवढ्यात मी खाली पहार घातली आणि कपाट एकटीने सरकवलं. बाईमाणूस असून, असं कुणी कौतुक करू नये. पहार घालता आली की वजन कुणाचंही हलतं.

मागची भिंत मी आयुष्यात विसरणार नाही.

चारही बाजूंनी रंगाचे थर जाडजूड चढले होते. मध्ये मात्र एक जागा खोलगट राहिली होती, आणि त्या जागेत नुसता तळाचा हिरवा. त्यावर पांढरा नाही, पिवळा नाही, करडा नाही. त्या जागेला डोकं होतं. खांदे होते. खाली अंगाची रेघ सरळ जमिनीपर्यंत गेली होती, फक्त डाव्या बाजूला कमरेवर एक फुगवटा होता, कडेवर काहीतरी घेतल्यासारखा. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईचा आकार होता तो.

मी बॅटरी तिरपी धरली. पोपडे निघाले असते तर कडा तुटक्या, करकरीत दिसल्या असत्या. या कडा गोल होत्या. ब्रशाचे फराटे सरळ येऊन त्या आकारापाशी वळत होते. पांढऱ्याचे तिथेच वळले होते, पिवळ्याचेही तिथेच, करड्याचेही. एकावर एक, बरोब्बर. रंग पडला नव्हता, लावताना सोडलेला होता. त्या जागेवर मी हात ठेवला. भिंत कोमट होती.

घाबरायला हवं होतं, हे कबूल. पण माझा स्वभाव असा, की आधी मला राग येतो. एवढं ढिसाळ काम कुणी केलं हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

या दुकानाचा रंगारी समोरच्या रस्त्यावरच बसलेला होता, डबे आणि ब्रश मांडून. त्या चौकातल्या सगळ्या भिंती बापापासून त्यांच्याच घराने रंगवलेल्या, हे त्याने मी न विचारताच सांगितलं. म्हातारा, बोलघेवडा, आणि स्वतःच्या कामावर भलताच खूश. कपाटामागच्या जागेचं नाव काढल्यावर मात्र तो जरा दुखावला.

"ढिसाळ कसलं, बाई? दुकान चालू ठेवून रंग मारायचा, तर गिऱ्हाइकाला उठा-सरका म्हणायचं नाही. मालकाचं नुकसान होतं. उभं असेल तेवढी जागा सोडायची, माणूस गेलं की मग मारायची. आमच्या बापापासूनचा नियम आहे."

"मग मारली का नाही?"

"ती गेली असती तर मारली असती ना!"

त्याने हे इतकं सहज सांगितलं की मीही क्षणभर मान डोलावली.

"सलूनच्या वेळी बापाने सोडली," तो म्हणाला. "मी तेव्हा डबे धुवायचो. पडद्याच्या दुकानाला मी मारला, तेव्हा मी सोडली. घड्याळवाल्याच्या वेळी तर दुकान रिकामंच होतं, सामान यायचं होतं… तरी होतीच. मी म्हटलं, बाई, जरा पुढे होता का? तर म्हणाली, माझा नंबर आता येईलच."

"तीच बाई? इतक्या वर्षांनी?"

"तोंडाकडे कोण बघतंय? आम्ही कडा बघतो." त्याने ब्रशाचे दोन केस ओढून काढले. "कडा तीच होती."

"कडेवर काय होतं तिच्या? पोर?"

"गुंडाळलेलं होतं काहीतरी. हलत नव्हतं."

मग त्याने बाकीचं सांगितलं. घड्याळवाला भला माणूस, हात सोन्यासारखा. पण पुढे पुढे तो घड्याळ हातात घेईना. कुणी आलं की म्हणायचा, थांबा, आधी या बाईंचं होऊ द्या. लोक किती थांबणार? पडदेवाल्याचं तसंच झालं होतं, आणि सलूनवाल्याबद्दल बाप हेच सांगायचा. शेवटी घड्याळवाल्याने तिथे कपाट लावलं.

"मग?"

"मग तो कपाटाशी बोलायला लागला."

आलेच हं, दोन मिनिटं… धाकटीचे शब्द मला तेव्हा आठवले. मी धावतच रस्ता ओलांडला.

दारात एक पोस्टमन उभा होता. हातातला चष्मा त्याने माझ्यापुढे धरला, एक काडी निखळलेली. "दुकान निघतंय कळलं म्हणून विचारलं, तर मॅडम म्हणतात थांबा. इथे तर कुणीच नाही!" मी त्याला दुसऱ्या दिवशी या म्हणून वाटेला लावलं आणि आत गेले.

आत अंधारून आलं होतं. धाकटी खोलीच्या मध्यावर उभी होती, दोन्ही हात पुढे घेऊन, गिऱ्हाइकाच्या हातून काही घ्यायला करतो तसे. तोंड त्या कोपऱ्याकडे. जंतुनाशकाचा वास इतका दाट झाला होता की घशाला लागत होता.

"धाकटे."

"थांब ताई… आधी यांचं होऊ दे."

"कुणाचं?"

"केव्हाच्या उभ्या आहेत गं. कुणी विचारतच नाही त्यांना." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाजात मात्र रडं नव्हतं. "पाय दुखत असतील ना…"

मी तिचा दंड धरून ओढला. ती जागची हलेना. माझी धाकटी, जिला मी लहानपणी एका हाताने उचलायचे, ती फरशीत रोवल्यासारखी उभी होती. आणि कोपऱ्यातून एक आवाज आला, अगदी बारीक. चुन्याच्या भिंतीवर लुगडं घासतं ना, उभ्या माणसाने या पायावरचा भार त्या पायावर घेतला की… तसा.

तेव्हा मला भीती वाटली. हे मी लपवत नाही. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. हिरव्यावर पांढरा चढलाच नाही, म्हणजे ती हिरव्याच्या काळापासूनची. दवाखान्यात आलेली. नंबर लागला नाही, दवाखाना बंद झाला, आणि ही जागा सोडायला तयार नाही, कारण जागा सोडली की नंबर जातो. न्हावी काय, घड्याळवाला काय, तिला काय करायचं होतं त्यांचं? तिला फक्त हाक ऐकायची होती. आणि ती मारायची अक्कल इतक्या वर्षांत एकालाही आली नव्हती.

मी आवाज चढवला, दवाखान्यातली माणसं चढवतात तसा, कामाच्या घाईचा. "चला, पुढचा नंबर कुणाचा? तुमचाच ना? या, बाई, या. दवाखाना आता इथे नाही. माझ्याबरोबर चला."

आणि दार सताड उघडून धरलं.

काही वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या हाताला गार झुळूक लागली, आतून बाहेर जाणारी. वास विरळ झाला. धाकटीचे हात खाली आले.

"ताई? तू केव्हा आलीस?"

"आत्ताच. चल घरी."

मी मुद्दाम त्या जागेला हात लावून बघितला. भिंत गार पडली होती, कुठल्याही भिंतीसारखी. मला इतका आनंद झाला की रस्त्याने मी अखंड बडबडत होते. सही कर, म्हटलं, बिनधास्त कर. धाकटी ऐकत होती, मान डोलवत होती. फूटपाथ अरुंद होता तरी ती माझ्यापासून एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून चालत होती. दमली असेल, असं मला वाटलं.

पुढचं सगळं मनासारखं झालं. त्याच म्हाताऱ्याने दुकान रंगवलं, आणि कपाटामागच्या जागेवर रंग असा बसला की बोट फिरवूनही कड लागेना. तिथे आता आरसा आहे. पोस्टमन पहिलं गिऱ्हाईक. धाकटी काउंटरच्या पुढे बसते, मागे नाही. लोक येतात, चष्मा लावून बघतात, हसतात, जातात. कुणी ताटकळत नाही. मी येताजाता काचेतून तिला बघायचे आणि मनात म्हणायचे, हे मी केलं. म्हणायला काय हरकत होती?

पहिली कमाई हातात आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, आपलं घर रंगवू या. जन्मभर लोकांच्या भिंती खरवडतेस, आपल्या बघ कशा झाल्यात." मी नको नको म्हटलं, पण तिचा चेहरा बघून तयार झाले. म्हाताऱ्यालाच सांगितलं. एक दिवस पहिला हात, दुसऱ्या दिवशी दुसरा. किल्ली त्याच्याकडे दिली, कारण दिवसभर मी कामावर, ती दुकानात. पहिल्या रात्री मी इतकी उशिरा आले की दिवा न लावताच आडवी झाले, आणि पहाटे अंधारातच निघाले.

दुसऱ्या संध्याकाळी मी जिना चढून आले तेव्हा तो दाराबाहेर ब्रश धूत होता.

"झालं, बाई. तेवढी दाराजवळची जागा राहिलीय. पाहुण्या बाई गेल्या की निरोप द्या, येऊन मारून जाईन."

"कोण पाहुण्या बाई?"

त्याने ब्रशाचं पाणी झटकलं. माझ्याकडे बघितलं नाही. "मी कडा बघतो, बाई," एवढंच म्हणाला, आणि बादली उचलून जिना उतरला.

आत ओल्या रंगाचा वास होता. त्याखाली दुसरा, गोडसर. धाकटी आज लवकर आली होती. तिच्या चपला दारात होत्या आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. मी बाहेरचा दिवा लावला. माझ्या पलंगाच्या उशाशी, रोज रात्री माझं डोकं असतं तिथून हात पुरेल इतक्या जवळ, भिंतीवर जुना रंग तसाच होता. डोकं. खांदे. अंगाची सरळ रेघ.

म्हणजे ती आली होती. बोलावलं होतं मीच, चल म्हटलं होतं मीच, आणि पुढे काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. ठीक आहे, म्हटलं मनात. धाकटीचं दुकान मोकळं झालं ना? मग मी बघून घेईन. इतकी वर्षं भिंतींशी बोलते आहे, एका बाईशी बोलता येणार नाही का? मी सवयीने बॅटरी काढली आणि तिरपी धरली.

डाव्या बाजूला, कमरेपाशी, एक फिकट पट्टी दिसली. अर्ध्या चंद्रासारखी. बाकी भिंतीवर रंगाचे दोन हात बसले होते, त्या पट्टीवर एकच. मी कड बोटाने पुन्हा पुन्हा चाचपली. चूक नव्हती, भिंत वाचण्यात माझी चूक होत नाही. पहिल्या दिवशी म्हाताऱ्याचा ब्रश तो फुगवटा सोडून वळला होता. दुसऱ्या दिवशी तो सरळ खाली आला होता.

दवाखान्यापासून घड्याळाच्या दुकानापर्यंत तिने ते गुंडाळलेलं कडेवरून उतरवलं नव्हतं. माझ्या घरात एका रात्रीत उतरवलं होतं.

आतल्या खोलीतून धाकटीचा आवाज येत होता. दबका, लाडीगोडीचा. ती कुणाला तरी थोपटत होती.

"हो रे… झालं, झालं… आता आपलाच नंबर."